इंजिनाची नाडी आणि पिवळा दिवा

चावी फिरली, इंजिन खाकरलं, पिवळा दिवा विझला आणि मैदानातल्या दोनएकशे माणसांनी एकदम टाळ्या वाजवल्या. घरातला दिवा गेला की माणसं वीज कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. इथे दिवा गेला म्हणून एकमेकांच्या पाठी थोपटत होती.

हा दिवा होता गाडीच्या डॅशबोर्डवरचा. नखाएवढा, इंजिनाच्या आकाराचा. गाडी चालू असताना तो पेटून राहिला की समजायचं, गाडी सांगतेय, "माझ्या पोटात काहीतरी बिघडलंय, जरा बघा." पण बघायचं म्हणजे गॅरेजमध्ये जाणं आलं, वाट बघणं आलं. त्यापेक्षा दिवाच विझला तर किती बरं! आणि तो विझवणारे गृहस्थ समोर एका टेबलावर उभे होते. अंगात मेकॅनिकसारखा डगला, पण दुधासारखा पांढरा. त्यावर ऑइलचा थेंबसुद्धा नव्हता. लोक त्यांना नाडीगुरुजी म्हणत.

"गाडी आजारी नसते!" गुरुजींनी माइक तोंडाशी नेला. "गाडी नाराज असते! आणि नाराज माणसाचं आपण पोट फाडतो का? मग पाने आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बिचाऱ्या इंजिनावर का धावून जाता? प्रत्येक इंजिनाला एक मूळ सूर असतो. तो हरवतो. माझा हा डबा तो परत देतो. यात क्वांटम नाडी आहे!"

"क्वांटम म्हणजे काय, गुरुजी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"जे दिसत नाही ते!"

पुन्हा टाळ्या. न दिसणारी वस्तू इतक्या सहज खपताना बघून कुठल्याही दुकानदाराला हेवा वाटला असता.

डबे दोन प्रकारचे होते. काड्यापेटीहून थोडे मोठे, स्टिअरिंगखाली जी खाच असते तिथे खोचायचे. पिवळा डबा नवशिक्यांसाठी, त्यावर तीन दिवे. काळा डबा जाणकारांसाठी, त्यावर पाच दिवे आणि हातात घेतला तर चांगला जड.

"पण आपण नवशिके की जाणकार हे कसं ओळखायचं?" एका टक्कल पडलेल्या काकांनी विचारलं.

"ज्याला हा प्रश्न पडला तो नवशिका!"

सगळे हसले. काका ओशाळले आणि त्यांनी निमूटपणे काळा डबा घेतला.

मैदानाच्या कडेला, वर्कशॉपच्या दारात उभ्या राहून बाई हे सगळं बघत होत्या. मैदानाला लागूनच तंत्रशाळा होती आणि तिच्या मोटार विभागात बाई अकरा वर्षं शिकवत होत्या. नखांत कायमचं काळं, कमरेला एप्रन आणि त्या एप्रनच्या खिशात काय काय असेल याचा त्यांनाही नेम नसायचा. आज रविवार. बाई आल्या होत्या यंत्रं पुसायला. पण पुसायचं राहिलं बाजूला, कारण पुढची गाडी त्यांच्या धाकट्या भावाची होती.

भाऊ शाळेची व्हॅन चालवायचा. अकरा मुलं रोज न्यायची, रोज आणायची. मुलं त्याला व्हॅनकाका म्हणायची. पंधरा दिवसांपासून त्या व्हॅनमधला पिवळा दिवा पेटलेला होता. बाईंनी एकदा नुसतं कान देऊन ऐकलं होतं आणि सांगितलं होतं, "गाडी मिस मारतेय. तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी देणारी कॉइल गेलीय. एक दिवस माझ्याकडे सोड." भाऊ म्हणाला होता, "बघू गं ताई." पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात ते खोटं नाही. घरात बहीण मोटार विभागाची प्रमुख. पण भाऊ रांगेत उभा होता गुरुजींच्या.

भावाने गुरुजींनी दिलेला डबा स्टिअरिंगखाली खोचला. "सगळ्यांनी उजवा हात बॉनेटवर ठेवा," गुरुजी म्हणाले. "ज्यांचा पोहोचत नाही त्यांनी पुढच्याच्या खांद्यावर. चावी नुसती चालू, इंजिन बंद. डोळे मिटा. आणि वीस आकड्यांपर्यंत इंजिनासारखं गुणगुणा."

मोठमोठी माणसं, त्यांत एक निवृत्त न्यायाधीश आणि दोन दातांचे डॉक्टर, डोळे मिटून "घूं" करू लागली. बाईंनी डोळे मिटले नाहीत. वीस आकडे झाले. भावाने चावी पुढे फिरवली. इंजिन सुरू झालं आणि पिवळा दिवा खरोखरच विझला. व्हॅन पहिल्यासारखीच थरथरत होती. पण सगळ्यांचे डोळे दिव्यावर. थरथरीकडे बघतो कोण?

"बंद करा!" गुरुजींनी लगेच हात वर केला. "आता अर्धा तास शांतता. सूर मुरला पाहिजे."

मग त्यांनी खोचलेला डबा काढून घेतला, भावाला खोक्यातला कोरा करकरीत पिवळा डबा दिला आणि त्यासोबत एक सोनेरी गोल चकती. "हे कवच. दिवा होता नेमका त्याच जागी चिकटवायचं. वर्षभर काढायचं नाही. काढलं तर सूर उडून जातो, मग आमच्याकडे येऊ नका."

भाऊ तरंगतच बहिणीकडे आला. "बघितलंस, ताई? विझला की नाही?"

"विझला. पण थरथर गेली का?"

"जाईल हळूहळू. तुला ना, कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही. अकरा वर्षं पाने फिरवतेस, तुला जमलं का असं?"

गाडीच्या आतल्या छोट्या संगणकात बिघाडाची जी नोंद होते ती कुणीतरी पुसली की दिवा विझतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण दिवा विझेपर्यंत गुरुजींनी तर गाडीला बोटही लावलं नव्हतं. मग कशी पुसली? उत्तर सापडत नव्हतं, आणि उत्तर नसताना तावातावाने बोलणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्या आत जाऊन यंत्रं पुसत बसल्या. त्या दिवशी सगळी यंत्रं जरा जास्तच चकचकीत झाली.

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर बाईंनी दिलेली हत्यारांची यादी होती. बऱ्याच वर्षांनी वर्कशॉपसाठी खरेदी मंजूर झाली होती आणि बाईंनी महिनाभर खपून ती यादी केली होती. पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना काय हवं आणि गॅरेजमध्ये उभं राहायला निघालेल्यांना काय हवं, असे तिचे दोन भाग होते.

"बाई, तुमची यादी तीन पानी," प्राचार्य म्हणाले. "आणि गुरुजींचा डबा एक. नवशिक्यांना पिवळे, शेवटच्या वर्षाला काळे. विषय संपला."

"सर, नवशिक्याला आधी साधी हत्यारं लागतात. टायरची हवा मोजायचं मीटर, प्लगचा पाना, फटी मोजायच्या पट्ट्या, वीज तपासायचा एक मल्टीमीटर आणि बिघाडाचा कोड वाचणारं छोटं यंत्र. आधी मोजायला शिकायचं. चांगल्या कारागिराला मग सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लागतो, मोठा स्कॅनर लागतो, नट किती आवळला ते सांगणारा टॉर्क पाना लागतो. ट्यूनिंग त्याच्यानंतर. इंजिन तब्येतीने ठीक असेल तर ट्यूनिंग. तापाने फणफणलेल्या माणसाला कुणी पळायच्या शर्यतीत उतरवतं का?"

"पण मी स्वतः काळा डबा बसवलाय," प्राचार्यांनी आवाज खाली आणला. "ॲव्हरेज वाढलंय, बाई!"

"सर, तुम्ही हल्ली गाडी हळू चालवता का?"

"हो तर. सूर मुरेपर्यंत हळू चालवायला सांगितलंय गुरुजींनी."

"हळू चालवली की ॲव्हरेज वाढतंच. डब्याच्या जागी बटाटा ठेवला असता तरी वाढलं असतं."

प्राचार्यांनी क्षणभर विचार केला. "पण बटाट्याला प्रमाणपत्रं आहेत का? गुरुजींकडे चौदा आहेत."

ठरलं असं की शनिवारी वर्कशॉपमध्येच गुरुजींचं प्रात्यक्षिक ठेवायचं, आसपासच्या पालकांना, डबे घेतलेल्यांना बोलवायचं आणि त्यांच्यासमोर डब्यांच्या मागणीवर सही करायची.

गुरुवारी दुपारी बाई वर्गात प्लग कसा खोलायचा ते दाखवत होत्या. फोन वाजला. भावाचा.

"ताई, ये. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर. लवकर ये." एवढंच. आवाज त्याचा वाटतच नव्हता.

बाई एका शिक्षकाच्या स्कूटरवर मागे बसून पोहोचल्या. व्हॅन रस्त्याच्या कडेला, दारं सताड उघडी. अकरा मुलं दप्तरांसकट पलीकडच्या फुटपाथवर एका ओळीत बसलेली. बाईंनी आधी त्यांना मोजलं. अकरा. मग त्यांच्या जिवात जीव आला. व्हॅनच्या तळाशी पसरलेला गालिचा जळून काळा पडला होता आणि त्यावर मुलांच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. बाटल्यांतलं पाणी ओतूनच भावाने ते धुमसणं विझवलं होतं.

"एक पोरगी म्हणाली, काका, पायाला चटके बसतायत," भाऊ सांगत होता. "मी म्हटलं, उन्हाने असेल. मग वास आला. आणखी थोडं पुढे गेलो असतो तर, ताई..."

"नाही गेलास ना? बस खाली. पाणी पी."

बाईंनी रस्त्यावर आडवं पडून गाडीखाली बघितलं. सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारं एक डबडं असतं. ते तापून निळं-जांभळं झालं होतं. कॉइल गेलेल्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता पुढे जात होतं आणि त्या डबड्यात जाऊन जळत होतं. चूल पेटली होती बरोबर मुलांच्या पायांखाली.

मुलांना दुसऱ्या गाडीने घरी पोहोचवलं आणि व्हॅन दोरीने ओढून वर्कशॉपमध्ये आणली. ती पूर्ण थंड होऊ दिली. मग बाईंनी डॅशबोर्डवरची सोनेरी चकती नखाने सोलून काढली आणि चार-पाच सेकंदांपुरतं इंजिन सुरू केलं.

पिवळा दिवा नुसता पेटलेला नव्हता. तो उघडझाप करत होता. नुसता पेटला तर 'बघा', उघडझाप करू लागला तर 'आहे तिथे थांबा'. गाडी घसा फोडून ओरडत होती आणि तिच्या तोंडावर सोनेरी चिकटपट्टी लावलेली होती.

भावाचा चेहरा उतरला. तरीही तो पुटपुटला, "चूक माझीच असेल. गुरुजी म्हणाले होते, शंका घेतली की सूर बिघडतो. काल थरथर वाढली तेव्हा मला जरा शंका आली होती."

बाईंचा पारा चढला. "अरे, वास आल्यावर तू गाडी का थांबवलीस? शंका आली म्हणूनच ना? त्या शंकेनेच आज अकरा पोरं घरी गेली. आणि तू तिलाच दोष देतोस?"

भावाने बाईंच्या हातातली सोनेरी चकती घेऊन चुरगळली.

बाईंनी वर्कशॉपचा जुना, कोपरे झिजलेला स्कॅनर आणला आणि गाडीला जोडला. पडद्यावर बिघाड आला: तिसरा सिलिंडर. त्यात नवल नव्हतं. बाईंनी आणखी एक ओळ उघडली आणि त्या थबकल्या.

"तुझी किलोमीटरची वही आण रे."

शाळेच्या नियमाप्रमाणे भाऊ रोजचे आकडे लिहून ठेवायचा. रविवारी मैदानावर पोहोचला तेव्हाचा आकडा आणि आत्ताचा आकडा, यांत फरक निघाला तीनशे अठरा किलोमीटर.

"आता हे वाच."

भावाने वाचलं. नोंद पुसल्यापासून गाडी किती चालली ते गाडीचा संगणक स्वतः मोजतो. पडद्यावर आकडा होता तीनशे अठरा.

"म्हणजे?"

"म्हणजे रविवारी, त्याच मैदानात, कुणीतरी तुझ्या गाडीतली नोंद पुसली. सूर वगैरे काही परत आला नाही. डॉक्टरने रिपोर्ट फाडून टाकावा आणि पेशंटला म्हणावं, जा, बरा झालास, तसं."

मग पिवळा डबा उघडला. आत तीन छोटे दिवे आणि त्यांना लुकलुकवणारी एक चिप. गाडीशी बोलायला ज्या तारा लागतात त्या नव्हत्याच. होत्या फक्त वीज घेणाऱ्या दोन. या डब्याने दिवा विझणं शक्य नव्हतं. त्याला गाडीशी बोलताच येत नव्हतं.

"मग विझला कसा?"

"तू सांग. तुला हा डबा कधी मिळाला?"

भावाने आठवायला कपाळ चोळलं. "नंतर. पहिला त्यांनी काढून घेतला. म्हणाले, हा माझा रोजचा आहे, तुला कोरा देतो. ताई, सगळे डोळे मिटून होते. तू मिटले होतेस?"

"नाही."

"मग तुला काय दिसलं?"

बाईंनी डोळ्यांसमोर मैदानातलं ते टेबल आणलं. माइक स्टँडवर. गुरुजींचा एक हात उंच, आशीर्वाद देत असल्यासारखा. "एक हात वर होता," त्या सावकाश म्हणाल्या. "दुसरा खिशात."

शनिवारी वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गुरुजी पांढऱ्या डगल्यात, प्राचार्य नव्या कोटात, टेबलावर पिवळ्या आणि काळ्या डब्यांचे दोन डोंगर. मधोमध शिकवायची जुनी गाडी उभी होती. बाई पुढे झाल्या.

"गुरुजी, तुमच्याआधी मी जरा प्रयत्न करून बघू का?"

"बघा, बघा!" गुरुजी उदारपणे हसले. "सूर्याने काजव्याला कधी अडवलंय का?"

बाईंनी गाडी सुरू केली. ती पाय लटपटणाऱ्या म्हाताऱ्यासारखी थडथडू लागली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. तो सगळ्यांना दिसावा म्हणून त्यांनी मोबाइलच्या कॅमेऱ्याने भिंतीवरच्या पडद्यावर मोठा करून दाखवला होता. मग त्यांनी इंजिन बंद केलं, चावी नुसती चालू ठेवली आणि आपला जेवणाचा स्टीलचा डबा आणून बॉनेटवर ठेवला.

"सगळ्यांनी डोळे मिटा. वीसपर्यंत गुणगुणा."

लोक चक्रावले, पण सवय झाली होती. "घूं" सुरू झालं. वीस झाले. बाईंनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि पडद्यावरचा पिवळा दिवा गायब.

मग ते टक्कलवाले काका कुजबुजले, "बाई, डब्यात काय आहे?"

"माझं दुपारचं जेवण."

"कुठे मिळतो हा डबा?"

हशा पिकला, पण काका गंभीर होते. गुरुजींचं हसू मात्र ओठांच्या एका कोपऱ्यात अडकून पडलं होतं.

"आता बघा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी एप्रनच्या खिशातून दुसरा, जुना फोन बाहेर काढला. मग वाकून स्टिअरिंगखालून अंगठ्याएवढं एक यंत्र उपसलं. "हे कोड वाचायचं यंत्र. माझ्या यादीतलं, नवशिक्यांच्या भागातलं. ते गाडीशी बोलतं आणि बिनतारी फोनशी बोलतं. फोनवर एक बटण असतं, 'नोंद पुसा'. तुम्ही डोळे मिटून गुणगुणत होतात तेव्हा मी खिशात अंगठा दाबला. डबा, गुणगुणणं, बॉनेटवर हात, सगळा देखावा. डोळे मिटायला का सांगितलं ते कळलं ना आता?"

"आणि बिघाड?" न्यायाधीशांनी विचारलं.

"बिघाड कुठे गेलाय? ऐका."

इंजिन अजून थडथडतच होतं. अर्ध्या मिनिटात पिवळा दिवा पुन्हा पेटला. बाईंनी गाडी बंद करून बॉनेट उघडलं, सकाळी स्वतःच काढून ठेवलेली एका कॉइलची तार जागेवर खोचली आणि गाडी सुरू केली. आवाज एकदम सरळ झाला. "दिवा विझवणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं. पहिल्याला अंगठा पुरतो. दुसऱ्याला डोकं लागतं, कान लागतात, हत्यारं लागतात."

"थांबा!" गुरुजी ओरडले. "या बाईंनी केली ती हातचलाखी. माझी ती साधना आहे!"

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" बाई म्हणाल्या. "तार परत काढते. तुम्ही विझवा. फक्त तुमचा फोन इथे टेबलावर ठेवा."

गुरुजींचा हात नकळत खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. "आज इथे संशयाच्या लहरी फार आहेत. हवेत दमटपणा आहे. शिवाय ही गाडी जुनी, तिचा सूर मेलेला."

"नाचता येईना अंगण वाकडं!" मागून कुणीतरी म्हणालं.

"माझ्या डब्याने कुणाचं नुकसान झालं असेल तर त्याने समोर यावं!" गुरुजींनी शेवटचं अस्त्र काढलं. त्यांना माहीत असणार, फसलेला माणूस सहसा समोर येत नाही. फसण्यापेक्षा फसलो हे सांगण्याची लाज मोठी असते.

बाईंनी भावाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याला ढकलल्यासारखं झालं असतं. समोर त्याच अकरा मुलांचे आईबाप बसले होते. त्यांना 'गाडी तापली होती' एवढंच माहीत होतं. सगळं कळलं तर ते उद्यापासून मुलं पाठवतील का?

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझं झालं," भाऊ उभा राहिला. "माझं नाही, तुमच्या पोरांचं झालं असतं. ताईने सांगितलं होतं, कॉइल बदल. मी ऐकलं नाही. यांची चकती लावली आणि दिवा झाकला. गुरुवारी गाडीच्या तळाला आग लागायची वेळ आली होती. पोरीने सांगितलं म्हणून वाचलो. तुम्हाला माझी व्हॅन नको असेल तर मी समजू शकतो. पण तुमच्यापैकी ज्यांनी चकती लावलीय, त्यांनी आधी ती काढा. आत्ता."

एका मुलाची आई ताडकन उठली आणि दाराकडे निघाली. तिच्यामागे दोघे, मग दहा, मग सगळेच. मैदानात सोनेरी चकत्या सोलल्या जाऊ लागल्या, गाड्या सुरू होऊ लागल्या. सतरा गाड्यांवर चकत्या होत्या. त्यांतल्या चौदांमध्ये खाली पिवळा दिवा लख्ख पेटलेला. प्राचार्यांच्या गाडीत तर त्याच्या शेजारी, त्याच चकतीखाली, तेलाचाही दिवा लागलेला होता.

"अहो, हा कधीपासून?" प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुमचं ॲव्हरेज वाढल्यापासून असेल," बाई म्हणाल्या. त्यांना राहवलं नाही.

तेवढ्यात टक्कलवाल्या काकांनी आपला काळा डबा दगडावर आपटून फोडला. आत पिवळ्या डब्यातलीच चिप, दोन दिवे जास्त आणि वजनासाठी सिमेंटचा एक गोळा. "जाणकारांसाठी!" काका सिमेंट तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवत फिरले. "यात सिमेंट आहे, आणि माझ्या डोक्यात भुसा!"

गुरुजी मागच्या दाराने निघाले होते, पण ते दार वर्कशॉपच्या ऑइल पिंपांच्या खोलीत उघडायचं. बाहेर आले तेव्हा डगल्याचा रंग ओळखू येत नव्हता. त्यांच्या खिशातला फोन आणि 'रोजचा' डबा न्यायाधीशांनी ताब्यात घेतला आणि पालक त्यांना घेऊन रीतसर तक्रार द्यायला गेले. जाताजाताही गुरुजी सांगत होते की कायद्याला सुराचं ज्ञान नाही.

मागे राहिलेले लोक वर्कशॉपच्या दारात घोटाळत होते. काहींच्या चेहऱ्यावर राग होता, बहुतेकांच्या चेहऱ्यावर लाज. बाई पायरीवर उभ्या राहिल्या.

"लाज वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी दिवा विझला तेव्हा मलाही कळलं नव्हतं कसा विझला. फसणं हा गुन्हा नाही. पण फसवणाऱ्याला आपण एक गोष्ट आपण होऊन देतो, आपले मिटलेले डोळे. तेवढी देऊ नका. कुणी चमत्कार दाखवला तर म्हणा, पुन्हा करून दाखव. माझ्या गाडीवर, माझे डोळे उघडे असताना, तुझे खिसे रिकामे असताना. आणि काही सुधारलं म्हणून सांगितलं तर विचारा, मोजलं कशाने? आधी किती होतं, नंतर किती झालं? आणि जो म्हणेल शंका घेऊ नकोस, त्याच्यावर सगळ्यात आधी शंका घ्या. खऱ्या गोष्टीला शंकेची भीती नसते."

प्राचार्यांनी बाईंच्या तीन पानी यादीवर तिथेच, एका गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली. नवशिक्यांचा भाग आणि जाणकारांचा भाग, दोन्हीवर.

अकरापैकी दोन घरांनी आपली मुलं व्हॅनमधून काढून घेतली. भाऊ त्यांच्याविषयी वाईट काही बोलला नाही. बाकी नऊ जणांनी सांगितलं, आधी गाडी नीट कर, मग मुलं पाठवतो. सोमवारी संध्याकाळी तो बाह्या सरसावून वर्कशॉपमध्ये हजर झाला. नवी कॉइल त्याने स्वतः बसवली. बाई फक्त शेजारी उभ्या होत्या. स्कॅनर जोडला. पडद्यावर आलं, बिघाड नाही.

भावाने पडद्यावरची ओळ पुन्हा एकदा वाचली.

"ताई, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"हे तुझं यंत्र म्हणतंय सगळं ठीक आहे. पण यंत्रच चुकत असेल तर? तू सांगतेस म्हणून मी कसं मानायचं?"

गेल्या आठवडाभरात बाई पहिल्यांदाच मनापासून हसल्या.

"मुळीच मानू नकोस," त्या म्हणाल्या आणि कॉम्प्रेशन गेज त्याच्या हातात ठेवला. "प्लग खोल. चारही सिलिंडर मोजू."